जमखंडीपासून पुढं

हुबळी-धारवाडहून कार्तिकीला पंढरपूरला चालत जाणाऱ्या आमच्या दिंडीत औषधांची पेटी माझ्याकडं असते. धारवाडात माझं औषधांचं दुकान आहे. दुकानात गिऱ्हाईक काउंटरच्या पलीकडं उभं राहतं, त्याचे पाय मला कधी दिसत नाहीत. दिंडीत कामच पायांचं. तळव्याचे फोड, टाचेच्या भेगा, मांड्या घासून निघालेलं सालटं, चपलेच्या अंगठ्यानं कापलेली बेचकी, काळंनिळं पडलेलं नख. मुक्कामावर हरिपाठ संपला की पेटीपुढं रांग लागते आणि पंगतीची हाक आली तरी हलत नाही.

या कामाच्या मागून आणखी एक काम माझ्याकडं आलं, ते कुणी सोपवलं नव्हतं. कुणी उद्यापासून चालायचं नाही, हे ठरवायचं आणि त्याला तसं तोंडावर सांगायचं. विणेकरी सांगत नाहीत, चोपदार सांगत नाहीत. दिंडीचे चालक तर अशा वेळी नेमके टेम्पोतला गॅस सिलिंडर तपासायला जातात. ‘मेडिकलवाले काय म्हणतात ते बघा’ एवढं बोलून सगळे मोकळे. त्यामुळं वाटेत कोण कुणापासून कसं सुटतं, हे मला फार जवळून बघायला मिळालं.

आमची वाट आषाढीच्या पालख्यांसारखी गाजलेली नाही. आमच्या शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांचे घोडे दर आषाढीला चालत आळंदीला जातात, ज्ञानेश्वरांच्या पालखीपुढं चालायला. वारीच्या बातम्यांत आमच्या बाजूचं नाव येतं ते बहुतेक तेवढंच. आमची वाट म्हणजे हुबळी, धारवाड, सौंदत्ती, यरगट्टी, लोकापूर, मुधोळ, जमखंडी, अथणी, जत, सांगोला आणि पंढरपूर. तीनशे किलोमीटरच्या थोडं वर. सौंदत्तीपाशी मलप्रभा आडवी येते, मुधोळला घटप्रभा, जमखंडीच्या पुढं कृष्णा आणि शेवटी भीमा. आम्ही उत्तरेकडं चालतो आणि सगळ्या नद्या पूर्वेकडं. जून-जुलैत धारवाडचा पाऊस माणसाला घराबाहेर पडू देत नाही आणि शेतकऱ्याला पेरण्या असतात, म्हणून आमच्याकडच्यांना कार्तिकी सोयीची. कार्तिकीला पंढरपुरात कानडी किती ऐकू येतं ते एकदा जाऊन बघावं.

कार्तिकीची अडचण एकच, दिवाळी. एकादशीला पोचायचं तर वसुबारसेच्या आसपास निघावं लागतं, म्हणजे अख्खी दिवाळी रस्त्यावर. नरकचतुर्दशीचं अभ्यंग कुठल्या तरी शाळेच्या पटांगणात, टेम्पोतल्या पिंपात तापवलेल्या पाण्यानं, एकेक बादली. बायका केसांना तेल लावता लावता घरी फोनवर ओरडत असतात, ‘करंज्यांचा डबा वरच्या फळीवर आहे, तो नाही, निळा.’ दिवाळीला शाळांना सुट्टी असते म्हणून मुक्कामाची सोय होते. भाऊबीज झाली की शाळा सुरू आणि मग हनुमंताची देवळं, मठ, कल्याण मंटप, जे मिळेल ते.

निरोपाचा सगळा गोंगाट पहिल्या दोन दिवसांतच संपतो. हुबळीकर मंडळी पहाटे सिद्धारूढ मठात माथा टेकून निघतात आणि जुन्या पी. बी. रोडनं धारवाडला येतात. उणकलच्या तळ्यापर्यंत लेकी-सुना, नातवंडं, शेजारपाजार सगळे सोबत असतात. तळ्यापाशी पायांवर पाय पडतात, डोळे पुसले जातात, हातात नोटा कोंबल्या जातात, आणि मग पोचवायला आलेली मंडळी चिगरी बसनं दहा-पंधरा मिनिटांत घरी जातात. दुसऱ्या दिवशी धारवाडात तोच प्रकार, फक्त नोटांच्या जोडीला पेढ्यांचे पुडे. त्या पुड्यांचा मला राग आहे. तिसऱ्या दिवशी उन्हानं पेढा पातळ होतो, पिशवीला मुंग्या लागतात, आणि ज्यांच्या पिशवीत तो असतो त्यातल्या निम्म्यांची साखर आधीच वर असते.

सौंदत्तीचा डोंगर मागं टाकला की घर सुटतं आणि माणसांच्या जोड्या लागायला लागतात. कोण कुणाबरोबर चालणार हे गाव, जात, भाषा, नातं यांवर ठरतं असं बाहेरून वाटेल. ठरतं ते चालीवर. ज्याचं पाऊल माझ्या पावलाएवढं पडतं आणि जो माझ्याइतक्याच वेळानं दम खातो, तो माझा सोबती. सख्ख्या जावा-जावा पहिल्या दोन दिवसांत पाच-पन्नास माणसांच्या अंतरानं चालायला लागलेल्या मी बघितल्या आहेत, आणि दोघींनाही त्याचं वाईट वाटलेलं नव्हतं. इरावती कर्वे यांच्या ‘वाटचाल’ या लेखात एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात याची बोच आहे. आमच्या पंगतीत आता तसं काही उरलेलं नाही. उरलाय तो एकच भेद, भरभर चालणारे आणि हळू चालणारे. भरभर चालणाऱ्यांना पुढच्या गावात चहा गरम मिळतो, एवढ्यावरून भांडणंही होतात.

आमच्या दिंडीतली सगळ्यांच्या ओळखीची जोडी म्हणजे मावशी आणि अक्का. मावशी धारवाडच्या, माझ्याच गल्लीतल्या, घरी मराठी. अक्का हुबळीच्या, घरी कानडी. मावशींच्या डोक्यावर तुळस असे, अक्कांच्या हातात टाळ. मावशी मराठीत बोलत, अक्का कानडीत उत्तर देत, आणि दोघींनाही आपण दोन भाषांत बोलतो आहोत याचं भान नसे. बोलणं तरी काय, तर सुनेनं मिक्सर जाळला, भाडेकरू वीजबिल भरत नाही, कडक भाकरी यरगट्टीची चांगली की लोकापूरची. अभंग चालू असला की गप्प, संपला की जिथं तुटलं होतं त्याच वाक्यापासून पुढं.

मी स्वतः दिंडीच्या शेपटीला चालतो, कारण कुणाचा पाय मुरगळला तर तो माणूस आपोआप मागंच येतो. माझ्याबरोबर असत ते हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. सगळे त्यांना फिटरअण्णा म्हणत. त्यांच्या खांद्याला कॅनव्हासची पिशवी, तीत आरी, पक्कड, दाभण, मेण लावलेला दोरा, सायकलच्या ट्यूबचे तुकडे. मी पाय बघायचो, ते चपला. एखाद्याला वारंवार एकाच जागी फोड येत असेल तर मी पट्टी बांधून देई आणि अण्णा त्याची चपल उलटी करून बघत. निम्म्या वेळा दुखणं चपलेतच सापडे, वर आलेला खिळा किंवा निघालेली शिवण. ऊसतोडीच्या दिवसांत मुधोळ-जमखंडी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात, मागं दिवा असला तर नशीब. पहाटेच्या अंधारात आमची रांग त्यांना दिसावी म्हणून अण्णांनी सगळ्या पताकांच्या काठ्यांना रेडियमच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. ट्रॅक्टरचा उजेड पडला की सगळ्या काठ्या एकदम चमकत. माझ्या मते आमच्या दिंडीतलं ते सगळ्यात मोठं पुण्यकर्म.

अण्णांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं, तेही पावतीवर वाचून. माझ्या मेहुणीचा मुलगा अमेरिकेत असतो. तिथं जॉर्जियापासून मेनपर्यंत साडेतीन हजार किलोमीटरची अपालाचियन ट्रेल नावाची पायवाट आहे, तिच्यावर तो आठवडाभर चालून आला. तिथं चालणारे एकमेकांना टोपणनावं देतात आणि महिनोन्‌महिने त्याच नावांनी हाका मारतात, असं त्यानं सांगितलं. त्याला त्याचं मोठं अप्रूप. मी म्हटलं, आमच्याकडं नाव द्यायचीही खटपट नाही, सगळेच माऊली.

आता मावशींच्या पायाविषयी. त्यांना मधुमेह पुष्कळ वर्षांचा. असा मधुमेह तळव्याच्या नसा बोथट करतो. आपल्याला खडा टोचला की आपण पाय उचलतो. त्यांना टोचणंच कळत नाही, म्हणून त्या त्याच खड्यावर दिवसभर चालू शकतात. वेदना ही घराच्या राखणदारासारखी आहे, भुंकते तेव्हा नको वाटते आणि गप्प झाली की चोर कधी शिरला ते कळत नाही. म्हणून दिंडीतल्या सगळ्या मधुमेहींना माझा नियम होता, पांढरे सुती मोजे घालायचे, अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, दुपारच्या डांबरावर तर नाहीच, आणि रोज संध्याकाळी, दुखत असो वा नसो, पाय मला दाखवायचे. पांढरे एवढ्यासाठी की डाग दिसतो.

जमखंडीच्या मुक्कामावर मावशी रांगेत आल्या त्या मुधोळच्या गुळाबद्दल बोलतच. डावा मोजा काढला तर अंगठ्याखाली रुपयाएवढा तपकिरी डाग. अक्का शेजारी बसून मोबाइलचा उजेड धरत होत्या. मी पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मागच्या गादीवर कातडी पांढरी, फुगलेली, मधे काळा ठिपका. बाजूनं दाबलं तर पू आला. मावशी म्हणत होत्या, ‘तो गूळ घेताना आतून फोडून बघावा लागतो, वरून पिवळा दिसतो.’ मी विचारलं, दुखतंय? त्या म्हणाल्या, ‘कुठं?’ फिटरअण्णांनी तोवर चपल उलटी केली होती. बाभळीचा काटा तळातून आरपार गेला होता, वरच्या बाजूला त्याचं टोक मोडलेलं. ते टोक पायात.

अक्कांचा हात तिथल्या तिथं थांबला. त्यांच्या नवऱ्याची दोन बोटं अशाच एका जखमेपायी काढावी लागली होती. ग्लुकोमीटर लावला तर आकडा तीनशेच्या वर. रात्रीच गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी काटा काढला, जखम उघडी करून धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहिल्या आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘चालणं बंद’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मला त्या रेघांचा फार उपयोग झाला.

कारण मावशी ऐकणार नव्हत्या. आधी म्हणाल्या, हळू चालते. मग म्हणाल्या, टेम्पोत बसते. टेम्पोत बसून पंढरपूर गाठणारे असतात, त्यात कमीपणा नाही. पण आमचा टेम्पो म्हणजे भांडी, तांदळाची पोती, सिलिंडर आणि धूळ. त्यात पाय लोंबकळत ठेवून बसायचं, रोज नवीन गावात जखम कुणाकडून तरी धुऊन घ्यायची, आणि साखर तीनशेवर. मी नाही म्हटलं. घरी जायचं, आपल्या डॉक्टरांना दाखवायचं. निम्म्याहून जास्त वाट झाली होती, हे त्यांनी मला निरनिराळ्या तऱ्हांनी सांगितलं. मग तिसराच मुद्दा काढला. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळं बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट आहे. ‘फुकट आहे म्हणूनच पाठवताय होय मला? तिकीट पडलं असतं तर ठेवून घेतलं असतं.’ आजूबाजूच्या बायका हसल्या, मावशी हसल्या नाहीत.

दिंडी पहाटे निघणार, बस उजाडल्यावर. म्हणजे काकडा झाला की दोघींनी वेगळं व्हायचं. तो निरोप मी दोन हातांवरून बघितला, कारण पेटी बांधत तिथंच बसलो होतो. अक्कांनी तुळशीची कुंडी उचलून बघितली आणि कानडीत म्हणाल्या, एवढं जड घेऊन चालत होतीस तू? मावशींनी जुन्या लुगड्याची चुंबळ स्वतःच्या हातानं अक्कांच्या डोक्यावर बसवली, काढली, पुन्हा पिळली, पुन्हा बसवली. मग सूचना सुरू झाल्या. पाणी सकाळी घाल, रात्री नको, देवळाची फरशी खराब होते आणि पुजारी बोलतो. शेळ्यांकडं लक्ष ठेव. उतरणीला मान मागं टाकू नको. कुणी ‘मी घेतो थोडा वेळ’ म्हटलं तर त्या लोकापूरच्या बाईला दे, दुसऱ्या कुणाला देऊ नको. अक्का हूं हूं करत होत्या. गळामिठी नाही, डोळ्यांत पाणी नाही, पुढच्या वर्षी भेटू नाही. चोपदारांनी आवाज दिला, टाळ सुरू झाले, अक्का रांगेत गेल्या. मावशींनी नंतर मला एवढंच विचारलं, ‘चुंबळ सैल नाही ना झाली?’

त्या दिवशी दिंडीत अक्कांबद्दल बरंच बोललं गेलं. इतकी जिवाची मैत्रीण, सोबत बसनं जायला नको होतं? एकटीला पाठवली कशी? मला विचाराल तर अक्का गेल्या असत्या तर ते मावशींवर फार मोठं ओझं झालं असतं. आपल्या एका काट्यापायी दोघींची वारी बुडाली, हे त्या बाईनं वर्षभर मनात घोळवलं असतं, आणि बोलून दाखवलंही असतं. शिवाय तुळस कुणीतरी न्यायची होतीच. मागं राहिलेल्याजवळ थांबणं हाच जिव्हाळा आणि पुढं जाणं म्हणजे कोरडेपणा, असं मानायची आपल्याला सवय आहे. दिंडीत मी उलटं जास्त पाहिलं. थांबून राहतात ते पुष्कळदा स्वतःलाच पुढं जायचं नसतं म्हणून.

बसस्टँडवर मावशींना खिडकीची जागा मिळाली. डावा पाय समोरच्या पिशवीवर, त्यावर माझी पट्टी. जावई धारवाडच्या स्टँडवर येणार होते. इडली खाऊन झाल्यावर त्यांनी साखरेची गोळी घेतली, आधार कार्ड हातात काढून ठेवलं, आणि बस सुटायच्या आधी खिडकीतून म्हणाल्या, ‘तिचा उजवा गुडघा उतारावर धरतो. ती सांगत नाही कुणाला. शेवटी चालू देऊ नका, मधे घ्या.’ माझ्याकडं पेटी असूनही मला हे माहीत नव्हतं. अक्कांचे पाय मी रोज बघत होतो, गुडघा त्यांनी कधी दाखवला नव्हता.

मोकळी झालेली जागा तासाभरात भरते, हे लिहायला कठोर वाटतं पण तसंच असतं. मागचा माणूस एक पाऊल पुढं सरकतो आणि रांग सांधली जाते. न सांधली तर ट्रॅक्टरवाला त्या फटीतून घुसेल. अक्कांच्या शेजारी लोकापूरची बाई आली. कृष्णेच्या पुलापर्यंत अक्का काही बोलल्या नाहीत, पुलावरून खाली नाणं टाकलं, आणि पलीकडं गेल्यावर त्या बाईला विचारलं, तुमच्याकडं मिक्सर कुठल्या कंपनीचा आहे.

अथणीला आमचे लोक हमखास चपला घेतात. कोल्हापुरी म्हणून जगभर विकल्या जाणाऱ्या चपलांतल्या कितीतरी तिथल्या कारागिरांच्या हातच्या असतात. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना आणि कर्नाटकातल्या चार, त्यांत बेळगाव आणि आमचं धारवाडही. चपल सुरेख असते. पण कोरी चामड्याची चपल घालून अथणीहून जतला चालायला निघणाऱ्या माणसाला मी पट्टी देत नाही, आधी चपल पिशवीत टाकायला लावतो. त्या वर्षी अक्कांनी तिथं एक जोड घेतला. मापाला त्यांच्या पायापेक्षा मोठा होता. कुणासाठी, हे विचारायचं कारण नव्हतं, पण तो मावशींच्या उपयोगाचा नाही हे मला सांगावं लागलं. मधुमेहाच्या पायाला मऊ रबराची एमसीआर चपल लागते, चामड्याचा अंगठा चालत नाही. ‘मग देव्हाऱ्यात ठेवील,’ अक्का म्हणाल्या आणि पैसे दिले.

फिटरअण्णांचं मला सांगोल्यात कळलं. पंढरपूर उद्या-परवावर आलेलं, रात्री आम्ही दोघं टेम्पोमागं परात घासत होतो. आचाऱ्याला ताप होता म्हणून ते काम आमच्याकडं आलेलं. अण्णा म्हणाले, ‘पुढच्या वर्षी मी नाही. पोरानं पिंपरीला बोलावलंय. घराचा व्यवहार झाला.’ मी म्हटलं, कधी झाला? म्हणाले, दसऱ्याला. म्हणजे उणकलपासून सांगोल्यापर्यंत माझ्या शेजारून चालताना त्यांना ते ठाऊक होतं. मला पहिल्यांदा राग आला. मग त्यांनी रेडियम कुठल्या दुकानातून आणायचं, ते जुन्या काठीवर बसत नाही म्हणून आधी सँडपेपर कसा मारायचा, दाभणाचा दोरा ओढताना चामडं का फाटतं, हे सगळं सांगायला सुरुवात केली, आणि मला कळलं की जमखंडीला चुंबळीचं जे चाललं होतं तेच इथं चाललंय. मी परात घासत ऐकत राहिलो. रेडियमचा रोल किती रुपयांचा, हेही विचारून घेतलं.

पंढरपुरात दिंडी विरघळायला वेळ लागत नाही. वाळवंटात स्नान, प्रदक्षिणा, नामदेव पायरी, कळसाचं दर्शन. पदस्पर्शाची रांग लांबच लांब, म्हणून बरेच जण मुखदर्शनावर समाधान मानतात. अक्कांनी मावशींना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल कळसाकडं धरला. पलीकडून मावशींचा आवाज एवढा मोठा की शेजारचे लोक वळून बघायला लागले, ‘हलवू नको गं, नीट धर. तुळस कुठंय? आधी तुळस दाखव.’ द्वादशीला उपास सोडून नोकरदार निघतात, काल्यासाठी पौर्णिमेपर्यंत थोडेच थांबतात. फिटरअण्णा त्याच दुपारी गेले. मी औषधांचा हिशोब लिहीत होतो, ते ‘चला’ म्हणाले आणि पिशवी खांद्याला मारून स्टेशनकडं चालू लागले. पायरीपर्यंत जावं असं मला वाटलं, पण समोर एका माऊलीचा घोटा होता.

गोलगुंबज एक्सप्रेस आता पंढरपूरपर्यंत येते, त्यामुळं हुबळीकरांची सोय झाली आहे. पंधरवड्याची वाट गाडी एका दिवसाच्या आत उलटी करते, आणि तीही आम्ही चाललो त्या वाटेनं नाही. सोलापूर, विजापूर, बागलकोट, गदग असा तिचा वेढा. जमखंडी नाही, मुधोळ नाही. डब्यात सगळे झोपतात. हुबळीच्या स्टेशनवर उतरलं की तिथला फलाट, २०२३ मध्ये उद्घाटन झालेला, पंधराशे मीटरच्या वर, जगातला सगळ्यात लांब म्हणून त्याची पाटी लोक कौतुकानं वाचतात. सुजलेल्या घोट्यानं मागच्या डब्यातून उतरलेल्या वारकऱ्याला त्या लांबीबद्दल काय वाटतं, ते मी ऐकलेलं आहे. फलाटावरच कुणी रिक्षा बोलावतं, कुणाचा मुलगा मोटारसायकल घेऊन आलेला असतो, आम्ही धारवाडचे चिगरीकडं जातो. इथं कुणी कुणाच्या पाया पडत नाही, सगळ्यांना घरी जाऊन झोपायचं असतं.

आणि मग वर्षभर कुणी कुणाला भेटत नाही. हुबळी आणि धारवाड यांच्यात वीस किलोमीटर, दर दोन-चार मिनिटांनी बस, तरी नाही. दिंडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर फोटो येतात, पुढं फक्त सुप्रभात. सुरुवातीला मला हे खटकायचं. एकदा सुभाष रोडवर अक्का भेटल्या, हातात साडीची पिशवी, बरोबर सून. पाय कसे आहेत, मी विचारलं. बरे आहेत, त्या म्हणाल्या. तुमचं दुकान? चाललंय. यापुढं आम्हाला दोघांनाही काही सुचेना. ज्या बाईचे तळवे मला डोळे मिटून ओळखता आले असते, तिच्याशी रस्त्यात उभं राहून बोलायला मला दोन वाक्यं सापडली नाहीत. फिटरअण्णांचा पिंपरीहून फोन येतो. तिकडं आषाढीला आळंदीहून पालखी निघते, ते बघून आलो म्हणतात, आमच्या पताकांच्या पट्ट्या निघाल्या का विचारतात, आणि दोन मिनिटांत बोलणं आटतं. वाटेवर आम्ही तासन्‌तास गप्पा मारायचो. पण तेव्हा दोघांच्याही नजरेसमोर एकच रस्ता असायचा, एकच ट्रॅक्टर, एकच लंगडणारा माणूस. फोनवर त्यांच्या नजरेसमोर काय आहे ते मला दिसत नाही. ‘आपली दिंडी म्हणजे एक कुटुंबच’ असं भाषणात म्हणणारे दरवर्षी एक-दोन असतात. कुटुंब नाही ते. कुटुंबात चाल जुळावी लागत नाही.

मावशींची जखम भरायला संक्रांत उजाडली. बोट वाचलं. साखर आटोक्यात आली, त्यात माझ्यापेक्षा त्यांच्या लेकीचा धाक जास्त. दसऱ्याच्या आधी त्या दुकानात आल्या, काउंटरवर दिंडीच्या शिध्याचे पैसे ठेवले आणि म्हणाल्या, मी येतेय. डॉक्टरांची चिठ्ठी आणली होती. रोज थोडं चालायला हरकत नाही, मऊ चपल घालून, पाय रोज तपासून घेऊन. मी म्हटलं, थोडं म्हणजे पंढरपूर नव्हे. त्या म्हणाल्या, ‘पंढरपूर कोण म्हणतंय? जमखंडीपर्यंत झालीय माझी. तिथंवर बसनं येते, तिथून पुढची राहिलीय ती चालते. दमले तर टेम्पोत बसेन.’

पैसे मोजले तर निम्म्याहूनही कमी निघाले. त्यांचं म्हणणं, जेवण जमखंडीपासून पुढचं, तर शिधाही तेवढाच. चालकांना फोन लावला. वारी अशी तुकड्यांनी कुणी करतं का, असा त्यांचा पहिला प्रश्न आणि पावती कशी फाडायची हा दुसरा. मावशींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि तुळस जमखंडीपर्यंत कोण आणणार हे अक्कांशी बोलून ठरलंय, तुम्ही फक्त पावतीचं बघा, असं सांगितलं. त्या दोघींचं कधी बोलणं झालं, मला पत्ता नव्हता. शेवटी पावती झाली. तिच्यावर रकमेच्या पुढं चालकांनी लिहायला लावलं तसं मी कंसात लिहिलं, ‘जमखंडीपासून पुढं’. मावशींनी ती चष्मा लावून वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली आणि एमसीआर चपलेत सात नंबर आहे का, असं विचारलं.